नडगीचं ऑपरेशन, ५२ हजार आणि तोंडावर आलेली पेरणी

प्रश्न जिंतूर तालुक्यातल्या एका वाचकाचा आहे. मेडिकल दुकानात नोकरी, पगार १८,५००, घरखर्च १३,००० च्या आसपास आणि चार एकर कोरडवाहू सोयाबीन. शेतातल्या आखाड्यावरच्या चार वर्षांच्या कारवानी कुत्र्याला, वजन २४ किलो, मोकाट कुत्र्यांनी घेरून फाडलं. मागच्या पायाचं नडगीचं हाड मोडलंय, तिथंच दातांच्या जखमा आहेत आणि बरगडीवरची कातडी सुटलीय. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन, इंजेक्शनं, मलमपट्टी झाली. कुत्रा शुद्धीवर आहे, पाणी पितोय. संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यानं हाडाला धातूची प्लेट टाकून ऑपरेशन आणि पाच दिवस भरती मिळून ५२,००० सांगितले. बचत खात्यात ६१,००० आहेत, त्यातले ४२,००० पेरणीचे. ३०,००० ची मुदत ठेव आहे. ओळखीचे एक जण शेकडा तीन रुपये महिन्यानं द्यायला तयार आहेत. वडील म्हणतात, "जनावरावर एवढा पैसा कोण घालतंय?" करावं का, आणि कुठून करावं, असं त्यांनी विचारलंय.

पैशाच्या आधी एक गोष्ट. कुत्र्याला सोडवताना वडिलांच्या मनगटावर ओरखडा आला आणि रक्त निघालं, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. ते सगळ्यात वर यायला हवं होतं. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि आजच त्यांना ग्रामीण रुग्णालयात न्या. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रक्त आलेल्या जखमेला लसीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या. चावणारी कुत्री कुणाची, लस टोचलेली की नाही, काहीच माहीत नाही. तुमच्या कुत्र्याला गेल्या वर्षी लस दिली असली तरी त्यालाही डॉक्टर सांगतील त्या तारखांना डोस लागतील.

आता हिशेब. ५२,००० मध्ये काय धरलेलं नाही ते बघा. संभाजीनगरला जाऊन-येऊन गाडीभाडं तुम्ही ५,००० लिहिलंय. भरती करायला, घरी आणायला आणि नंतर दाखवायला अशा तीन खेपा धरल्या तर १५,००० झाले. ड्रेसिंग वीस वेळा, एका वेळचे २५० धरले तर ५,०००. चौथ्या आणि आठव्या आठवड्यातले दोन एक्स-रे, ७०० प्रमाणे १,४००. कुत्र्याच्या रेबीज लसीचे पाच डोस, ३५० प्रमाणे १,७५०. बेरीज ७५,१५०. म्हणजे तुम्ही विचारताय ५२ हजारांचं आणि निर्णय घ्यायचाय ७५ हजारांचा. त्यातही दुसरं ऑपरेशन धरलेलं नाही, आणि तुमच्या प्रकरणात खरी भीती त्याचीच आहे.

चाव्याच्या जखमेचं असं असतं की वरून दोन बारीक भोकं दिसतात, आणि कुत्र्यानं धरून झटकलेलं असल्यामुळे आत कातडी मांसापासून सुटलेली, स्नायू चेंगरलेला, तोंडातले जंतू खोल गेलेले. कोणती कातडी जगणार आणि कोणती काळी पडून गळणार हे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळतं. अशा जखमेशेजारी लगेच प्लेट बसवली आणि आत पू झाला, तर जंतू धातूला धरून बसतात, औषधाला दाद देत नाहीत. मग हाड जुळलं की प्लेट काढायला पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा खर्च.

म्हणून माझं मत: उपचार करा, पण ५२ हजारांच्या ऑपरेशनला आज हो म्हणू नका. एकूण ३०,००० ची मर्यादा घाला आणि ते टप्प्याटप्प्यानं खर्च करा.

जागा परभणी. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया विभाग आहे, शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं. पिना-प्लेट आणि औषधांचे पैसे वेगळे लागतात ते आधी विचारून घ्या. तुमचं भाडं १,५०० वर येतं. (लातूरकडच्या वाचकांना उदगीरचं महाविद्यालय जवळ पडेल.)

पहिल्या टप्प्यात छातीचा आणि पायाचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्त आणि किडनीची तपासणी. बरगडीवर चावा आहे म्हणून छाती बघायचीच. फुप्फुसाभोवती हवा भरली असेल किंवा आतडं फाटलं असेल तर पायावर केलेला खर्च वाया जातो. याच वेळी डॉक्टरांना मोडलेल्या पायाच्या बोटांची संवेदना तपासायला सांगा. चिमट्यानं बोट दाबल्यावर कुत्र्यानं नुसता पाय ओढून घेणं पुरेसं नाही, ती आपोआप होणारी हालचाल असते. त्यानं वळून बघायला हवं, कण्हायला हवं. बोटांत जाणीवच उरली नसेल तर हाड जोडूनही तो पाय फरफटतच राहील.

दुसरा टप्पा जखमेचा: भूल देऊन केस काढणं, भरपूर सलाईननं धुणं, मेलेलं मांस काढणं, पाणी साचू नये म्हणून रबरी नळी, आणि पाच-सात दिवस ड्रेसिंग. हाडाचा निर्णय त्यानंतर. फार लांबवू नका, कारण स्नायू आखडले की हाड जागेवर आणणं अवघड होतं.

हाडासाठी प्लेटशिवाय दोन मार्ग आहेत, ते तुम्हाला सांगितलेले दिसत नाहीत. एक, बाहेरून पिना आणि सळयांची चौकट. नडगीवर मांस कमी असतं, त्यामुळे ती तिथं चांगली बसते, जखम उघडी ठेवून धुता येते आणि हाड जुळल्यावर धातू आत उरत नाही. हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. दुसरा, पाय काढणं. ऐकायला कठोर वाटतं, पण एकच ऑपरेशन, दहा-चौदा दिवसांत टाके निघतात, आणि बाकीचे तीन पाय व कंबर धड असेल तर सडपातळ कुत्रा थोड्याच दिवसांत नीट चालायला लागतो. कारवानीची अंगलट त्याला सोयीची आहे. संवेदना असेल तर चौकट, नसेल किंवा जखम चिघळली तर पाय काढणं, असं मी ठरवेन.

राखणीसाठी तो लागतो, म्हणून खर्च परवडतो, असं तुम्ही लिहिलंय. हा आधार घेऊ नका. चौकट लावलेला किंवा तीन पायांचा कुत्रा रानडुकरांमागे धावणार नाही. तो घरचा आहे म्हणून तुम्ही खर्च करताय. हे कारण पुरेसं आहे, आणि वडिलांनाही हेच सांगा. त्यांची काळजी पेरणीची आहे आणि ती रास्त आहे.

त्यामुळे ४२,००० ला हात लावायचा नाही. एकरी सात क्विंटल धरला तर २०२५-२६ च्या ५,३२८ च्या हमीभावानं एका एकराचे ३७,२९६ होतात. बाजारात भाव त्याहून पडला तरी खत-बियाण्यात कपात करून कुत्र्याचा खर्च काढणं महागच पडतं. उरलेल्या १९,००० मधले ४,००० घरात ठेवा, १५,००० वापरा. बाकी १५,००० साठी ठेव मोडू नका, ठेवीवर कर्ज घ्या. ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लागतात. नऊ टक्के धरले तर महिन्याला ११२ रुपये. पगारातून महिन्याला ५,५०० उरतात, म्हणजे सोयाबीन काढणीला येण्याआधीच, तीन महिन्यांत ते फिटतं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के: ५०,००० वर महिन्याला १,५००, माल विकेपर्यंत सहा महिन्यांत ९,००० नुसतं व्याज. सावकारीचा परवाना नसलेल्या माणसाकडून तर मुळीच नको. पीककर्जातूनही काढू नका. मुदतीत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते. कुत्र्याचा विमा आत्ता काढून या जखमेचे पैसे मिळणार नाहीत, आणि कुत्र्याच्या औषधोपचाराला आयकरात वजावटही नाही.

तुमच्या हातात एक मोठी बचत आहे: ड्रेसिंग. कापूस, गॉज, सलाईनच्या बाटल्या तुम्हाला खरेदीच्या भावात मिळतील. डॉक्टरांकडून एकदा नीट शिकून घ्या. २० मिलीच्या सिरिंजला १८ नंबरची सुई लावून सलाईनचा झोत मारायचा, जखमेवर हळद, चुना, फिनेल काही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतलं तर नवं मांसही जळतं. पट्टी ओली झाली की त्याच दिवशी बदला. मिरगाचा पाऊस आणि माश्या सुरू झाल्या की उघड्या जखमेत अळ्या पडायला एक-दोन दिवस पुरतात, त्यामुळे आखाड्यावर नको, घरात जाळी लावलेल्या खोलीत चार बाय पाच फुटांची जागा करा. गळ्याची प्लास्टिकची कॉलर दया येऊन काढू नका. रात्रीत पिना चावून टाकेल. आणि दुकानातली माणसांची वेदनाशामकं, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, मनानं देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याची किडनी जाते, मग सगळाच हिशेब संपतो.

खाणं: वजनाला ३० नं गुणून ७० मिळवा. २४ किलोला ७९० कॅलरी, ही कमीत कमी. नुसत्या दूध-भाकरीनं जखम भरत नाही. अंडी, उकडलेलं चिकन घाला, कांदा-लसूण नको.

थांबायचं कुठे तेही आजच घरात बोलून ठेवा. पोट फाटून पू पसरला असेल, मणक्याला मार असेल, किंवा खर्च ३०,००० ओलांडून दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनची वेळ आली, तर डॉक्टरांना वेदनारहित मरणाबद्दल विचारा. तो तुमचा कंजूषपणा ठरत नाही. तसल्या अवस्थेत कर्ज काढून त्याचे हाल लांबवण्यापेक्षा ते बरं.

परभणीला जाताना तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, दिलेल्या इंजेक्शनांची नावं आणि लसीचं कार्ड सोबत घ्या. भूल द्यावी लागेल, म्हणून आदल्या रात्रीपासून खायला देऊ नका, पाणी चालेल. मोडलेला पाय हलू नये म्हणून त्याला फळीवर झोपवून न्या, आणि सकाळी बाह्यरुग्ण विभाग उघडायच्या वेळेला पोचा.