मंदीत देणी सांभाळताना
इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागात नवा कारखाना चालवणाऱ्या तुम्हाला आवर्जून सांगतो, की मागणी घटून हातातला पैसा आटला, की पहिला मोह होतो तो कामगारांच्या पगारातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम तात्पुरती फिरवण्याचा; ती आपली नव्हेच, आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरलीच पाहिजे. काटकसर स्वतःच्या पगारापासून सुरू करा.

तुम्हाला माल पुरवणाऱ्या नोंदणीकृत लघुउद्योजकाचे बिलही अडवू नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार करार काहीही असला, तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. इंदूरच्याच पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यात उधारीपायी बंद पडलेले लेथ मी पाहिले आहेत. उशीर अटळच असेल, तर त्याचा फोन येण्याआधी स्वतः जाऊन नक्की तारीख सांगा.