वाचकांचे प्रश्न : पाऊस लागला की जीव घाबरतो

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. 2019 आणि 2021 ला घरात पाणी आलं. आता दोन दिवस पाऊस लागून राहिला की छातीत धडधडतं. रात्री तासातासाला उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी मोबाईलवर बघते. घरचे म्हणतात, उगाच ताण घेतेस. मन शांत कसं ठेवू?

उत्तर : उगाच नाही. दोनदा घरातला गाळ उपसलेल्या बाईला पावसाची धास्ती वाटणारच. ती घालवायच्या मागे न लागता तिला कामाला लावा. उघडीप असताना कागद घ्या. बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, पण तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटांवर लागतं हा आकडा वेगळा. गल्लीतल्या जुन्या मंडळींना विचारून तो लिहा. 39 फुटांना कागदपत्रं, औषधं, चार्जर पिशवीत. उंबऱ्याच्या आकड्याला दोन-तीन फूट कमी असतानाच म्हातारी माणसं आणि गाड्या पाहुण्यांकडे. कुणाकडे जायचं, हेही आधीच ठरवा. प्रशासनानं घर सोडा सांगितलं तर कागद बाजूला ठेवून निघायचं.

मग पातळी सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री आठ एवढ्याच वेळी बघा. दर वेळी बघितलं की पाच मिनिटं बरं वाटतं, म्हणूनच हात पुन्हा मोबाईलकडे जातो. 39 च्या वर गेल्यावर मात्र घरात पाळीनं एकानं जागं राहावं, म्हणजे बाकीच्यांना झोपता येईल. ग्रुपवर फिरणारे महापुराचे जुने व्हिडिओ उघडूच नका.

धडधड सुरू झाली की खुर्चीत बसून पाय जमिनीला टेकवा. नाकानं चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. श्वास लांबवून सोडला की हृदयाची गती उतरते. चूक होते ती इथं : घाबरलेला माणूस भराभर मोठमोठे श्वास ओढतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि अटॅकच आला असं वाटून भीती दुप्पट होते. श्वास छोटा आणि सावकाश हवा, पोटावर ठेवलेला हात हलला की पुरे. रोज शांत असताना दोनदा सराव ठेवा, ऐनवेळी पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही. छातीत दुखून ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, घाम फुटला, दम लागला, तर आकडे मोजत बसू नका. दवाखाना गाठा, ईसीजी काढा.

प्रश्न : ध्यानाला बसलं की उलट जास्त अस्वस्थ वाटतं. माझं काही चुकतंय का?

उत्तर : नाही. ज्यानं मोठा धक्का सोसलाय, त्याच्या मिटलेल्या डोळ्यांपुढं तेच चित्र उभं राहू शकतं. डोळे उघडे ठेवा. रंकाळा तलावावर दहा मिनिटं सावकाश चाला, टाच टेकते कधी, चवडा उचलतो कधी, एवढंच लक्षात घ्या. मन भरकटलं की परत पायाकडे. बसलंच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : उसाचं बिल अडकलंय, सोसायटीचं कर्ज अंगावर आहे. घरात सगळ्यांवर ओरडतो, परवा पोरावर हात उगारला.

उत्तर : हात उगारण्याआधी शरीर सांगत असतं. जबडा आवळतो, कानशिलं तापतात, आवाज चढतो. तुमची पहिली खूण कोणती, ते बायकोला विचारा; तिला तुमच्या आधी कळलेलं असतं! ती खूण दिसली की 'वीस मिनिटांत येतो' म्हणून बाहेर पडा आणि सांगितल्या वेळेला परत या. न सांगता निघून गेलात तर भांडण वाढतं. बाहेर तेच भांडण मनात घोळवलं तरी राग उतरत नाही, म्हणून गोठ्यातलं काहीतरी काम हाती घ्या. पोराची माफी मागा. सोसायटीच्या सचिवाला फेडीच्या मुदतीबद्दल विचारायचं काम मात्र राग ओसरल्यावर सकाळी करा.

झोप उडाली असेल, दारू वाढली असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. जगणं नको वाटत असेल तर घरच्या माणसाला आत्ताच सांगा आणि 14416 वर फोन करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. घरात तणनाशक किंवा कीटकनाशक असेल तर ते आजच दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवायला द्या. असा विचार अनेकदा थोड्या वेळात ओसरतो, तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसावी.