पुस्तकातली लांबी पाळूनही गोळ्या का विखुरतात?

रायफलीच्या .३०८ विंचेस्टर या प्रकारचे प्रत्येक काडतूस अगदी २.८१० इंच लांबीचे भरूनही शंभर यार्डांवर गोळ्या का विखुरतात आणि गोळी कवचात आणखी खोल बसवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टूलरूममध्ये तीस वर्षे मापे घेतली. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडे काडतुसे बनवण्यास परवाना लागतो. त्यामुळे हे काम मी पाहिले ते टेक्सासला, जावयांच्या गॅरेजमध्ये, आणि तेथेही माझ्या हाती व्हर्निअरच होता.

२.८१० ही कमाल लांबी आहे, ती गाठलीच पाहिजे असे नाही. शिवाय ती गोळीच्या टोकापर्यंत मोजतात आणि टोके सारखी नसतात. सोलापुरी चादर दशांसकट मोजली की दोन नग कधी जुळत नाहीत, तसलाच हा प्रकार. जावयांनी गोळी बसवण्याच्या एकाच डायवर, म्हणजे साच्यावर, बसवलेली दहा काडतुसे मी मोजली, तर टोकापर्यंतच्या लांबीत बारा थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक निघाला. तीच काडतुसे कॅलिपरला कंपॅरेटर नावाची जोडणी लावून ओजाइव्हपर्यंत, म्हणजे गोळीचा उतार जेथे आट्यांना (नळीच्या आतील पिळदार कंगोऱ्यांना) टेकण्याइतका रुंद होतो तेथपर्यंत, मोजली तेव्हा फरक जेमतेम दोन थाऊ उरला.

नेमबाजीत फरक पडतो तो ओजाइव्ह आणि नळीतील आट्यांची सुरुवात यांमधील अंतराने. ते रायफलीगणिक आणि गोळीगणिक बदलते व नळीचा घसा झिजेल तसे वाढत जाते. म्हणून दुसऱ्याचा आकडा उतरवून घेण्यात अर्थ नाही. स्वतःच्या रायफलीत आटे कोठे सुरू होतात ते आधी मोजा, तेथून वीस थाऊ मागे राहून सुरुवात करा आणि पाच-पाच थाऊंनी बदल करत प्रत्येक मापाच्या गोळ्यांचा वेगळा गट झाडून पाहा. मात्र गोळी खोल गेली की दारूसाठी जागा कमी होऊन दाब वाढतो आणि ती आट्यांना टेकली तरीही दाब वाढतो, म्हणून खोली बदलताना दारूचे प्रमाण काडतुसे भरण्याच्या पुस्तकातील सुरुवातीच्या आकड्यावर आणावे.

गोळी आट्यांना टेकवून ठेवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. जावयांनाही झाला होता. न झाडलेले काडतूस काढायला त्यांनी बोल्ट ओढला, तेव्हा गोळी नळीतच अडकली, रिकामे कवच हातात आले आणि दारूचे दाणे मॅगझिनभर सांडले.