बोटींसमोरचा फ्लॅट, साडेचार कोटी आणि ५४एफचा गैरसमज

एका ताईंनी पुण्याहून विचारलंय. वय ५६, मिस्टर ६० चे, नुकतेच रिटायर झालेत. २००३ ला २२ लाखांना घेतलेला बाणेरचा प्लॉट या जूनमध्ये ६ कोटींना विकला. मुलगा म्युनिकला नोकरीला. मे महिन्यात तिघं स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, कोस्टा देल सोलला जाऊन आले, पुएर्तो बानूस बघितलं, तिथून खाली मानिल्व्हाजवळ ला दुकेसा बंदरात बोटींसमोरचा टू बीएचके आवडला, किंमत ४ लाख २० हजार युरो, रीसेल. वर्षातले पाच आठवडे आपण राहायचं, बाकी भाड्याने द्यायचं, ब्रोकर ८ टक्के रिटर्न म्हणतोय, "आणि ५४एफमध्ये टॅक्सही वाचेल ना?"

ताई, शेवटापासून सुरू करतो, कारण तिथेच मोठा खड्डा आहे. नाही वाचणार. ज्याला आपण सगळे ५४एफ म्हणतो, म्हणजे प्लॉट विकून आलेले पैसे घरात घातले की नफ्यावरचा टॅक्स वाचतो, ती सवलत भारतात घेतलेल्या घरालाच मिळते, २०१४ च्या बजेटने ते स्पष्ट करून टाकलंय, आधी लोक परदेशातल्या घरावर क्लेम करायचे आणि केस लढायचे, आता तो विषय संपला. म्हणजे ५ कोटी ७८ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर सरचार्ज आणि सेस, साधारण ८६ लाख टॅक्स जाणार. हातात राहिले ५ कोटी १४ लाख.

आता घराचा खरा आकडा. युरो शंभर रुपये धरू, प्रत्यक्षात त्याच्या वरच आहे. रीसेल घरावर अंदालुसियात (हा किनारा त्याच राज्यात येतो) ७ टक्के ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे २९ हजार ४०० युरो, मग नोटरी, रजिस्ट्री, वकील मिळून दहाएक हजार. ४ कोटी ६० लाख झाले, फर्निचर अजून आलंच नाही. हे पैसे एलआरएसमधून, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून जाणार, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, दोघांचे ५ लाख, तुमची रक्कम अगदी काठावर किंवा थोडी बाहेर सांडते. त्यामुळे काही भाग एप्रिलनंतर पाठवावा लागू शकतो. आणि इथल्या बँकेचं कर्ज काढून पाठवता येत नाही हे लक्षात असू द्या. माणशी १० लाखांच्या वर गेलं की बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा टॅक्स, कापते, म्हणजे तुमच्या केसमध्ये ऐंशी लाखांच्या वर. घाबरू नका, हा खर्च नाही, टॅक्समध्ये वळता होतो, आणि गंमत म्हणजे प्लॉट विकला त्याच आर्थिक वर्षात पाठवलेत तर, प्लॉट दोघांच्या नावावर असेल तेव्हा, हा टीसीएस प्लॉटच्या टॅक्सलाच जवळपास पुरतो. पुढच्या वर्षी पाठवलेत तर मात्र पैसे रिफंडपर्यंत अडकून पडणार, आणि तोवर तुमच्याकडे घरखर्चाला काय उरतं ते मिस्टरांना विचारा.

ब्रोकरच्या ८ टक्क्यांवर मला हसू आलं, माफ करा. मी २०१९ च्या फेब्रुवारीत एका क्लायंटसोबत त्याच किनाऱ्यावर घरं बघत फिरलोय. अर्ध्याहून जास्त बाल्कन्यांची शटर खाली, रेस्टॉरंटच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या, वाऱ्यात डोलकाठ्यांवर दोऱ्या टकटक आपटतायत, तेवढाच आवाज. तुम्ही मे मधलं बंदर बघितलंत. मी १६ आठवडे बुकिंग धरतो, आठवड्याला १२०० युरो, म्हणजे १९ हजार २००. मॅनेजमेंटवाला २० टक्के घेईल, ३ हजार ८४०. साफसफाई, लाईट, पाणी २ हजार. सोसायटी तुम्ही पाठवलेल्या कोटेशनप्रमाणे महिना २८०, वर्षाचे ३ हजार ३६०. घरपट्टी, कचरा ११००, इन्शुरन्स ४००. आणि टॅक्स: युरोपियन युनियनबाहेरच्या मालकाला तिथे भाड्यावर २४ टक्के, तोही खर्च वजा न करता, म्हणजे ४ हजार ६०८. उरले ३ हजार ८९२ युरो. साडेचार कोटींवर टक्काही नाही हो! आणि घर रिकामं असलं त्या दिवसांचाही सरकारी मूल्यावर उत्पन्न गृहीत धरून थोडा टॅक्स लागतोच.

बरं, भाड्याने देता येईल का हे पण आधी बघा. ३ एप्रिल २०२५ पासून टुरिस्टना नव्याने घर द्यायचं तर सोसायटीतल्या पाचपैकी तीन हिश्श्यांची मंजुरी लागते. जुन्या मालकाचं लायसन्स आपोआप आपल्याला मिळेल असं धरून चालू नका, आणि सोसायटीच्या मीटिंगा स्पॅनिशमध्ये होतात. त्याच कायद्याने त्याच तारखेला गोल्डन व्हिसाही बंद झाला, म्हणजे ५ लाख युरोचं घर घेतलं की रेसिडेन्सी हा प्रकार संपला (तुमचं घर तसंही त्यात बसत नव्हतं). स्वतःच्या घरात जायला तुम्ही शेंगेनचा व्हिसा काढणार, १८० दिवसांत ९० दिवस. शिवाय २०२५ मध्ये पंतप्रधान सांचेझ यांनी युरोपियन युनियनबाहेरच्या, तिथे न राहणाऱ्या खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत टॅक्सचा प्रस्ताव मांडला होता. पुढे काय होईल ते होईल, पण वारा कुठून वाहतोय ते कळतंय.

ब्रोकर म्हणाला म्हणून तुम्ही "बोटीची जागा पण सोबत मिळतेय" असं लिहिलंय. ती विकत मिळत नाही. स्पेनमध्ये १९८८ च्या किनारा कायद्याने समुद्रकाठ सरकारचा, मरिना, म्हणजे अशी बोटींची बंदरं, मुदतीच्या परवान्यावर चालतात, धक्क्यावरची जागा म्हणजे त्या मुदतीचा उरलेला हक्क, आपल्याकडे मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरच्या बिल्डिंगचं जसं असतं तसंच काहीसं. पहिला प्रश्न, किती वर्षं उरली? दुसरा, बिल्डिंगसुद्धा त्याच परवान्याच्या जमिनीवर आहे का? हे ब्रोकरला नाही, वकिलाला विचारायचं, आणि वकील ब्रोकरने सुचवलेला नको. रजिस्ट्रीचा उतारा, त्याला तिथे नोता सिम्प्ले म्हणतात, तो काढायला लावा, काही युरोंत मिळतो. त्याच किनाऱ्यावरच्या मार्बेयात २००६ मध्ये भ्रष्टाचाराच्या केसमध्ये अख्खी नगरपालिका बरखास्त झाली होती आणि हजारो घरांच्या परवानग्या बेकायदा निघाल्या, लोक वर्षानुवर्षं निस्तरत बसले.

तरीही मन तिथेच अडकलं असेल तर मुलाच्या नावाने विचार करा. तो जर्मनीत टॅक्स भरतो, म्हणून स्पेनमध्ये भाड्यावर त्याला १९ टक्के आणि खर्च वजा मिळतात, स्पॅनिश बँक बाहेर राहणाऱ्याला साधारण ६० टक्के कर्ज देते, म्हणजे तुम्हा तिघांना मिळून दोन लाख युरोच उभे करायचेत. तुम्ही त्याला गिफ्ट दिलेत तर जर्मनीत आई किंवा वडील प्रत्येकी १० वर्षांत ४ लाख युरोपर्यंत टॅक्स नाही. एलआरएस आणि टीसीएस मात्र गिफ्टलाही लागतं. पण त्याला हप्ता भरायचाय का, ते त्यालाच विचारा, लग्नाआधी!

नाहीतर सरळ भाड्याने जा. साडेचार कोटी इथे ७ टक्क्यांनी ठेवलेत तर टॅक्सआधी वर्षाला ३१ लाख येतात, पाच आठवड्यांचं भाडं ऑफ सीझनला पाचेक लाखांत निघतं. आणि तसंही घ्यायच्या आधी एकदा फेब्रुवारीत तीन आठवडे त्याच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहून या. तोपर्यंत ब्रोकर मागतोय ते ६ हजार युरोचं बुकिंग देऊ नका.