प्रशिक्षकावरचा राग आणि शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, अनेक वर्षांपासून मेलबर्नमध्ये राहतो आणि कार्ल्टन या फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) क्लबचा सभासद आहे. आमचा संघ आघाडी घेतो आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या भागात) ती घालवतो. चेंडू हातचा गेला की मागे कोणीच नसते, तरी प्रशिक्षक आखणी बदलत नाहीत. त्यांना हटवल्याशिवाय काही सुधारणार नाही, असे मला वाटते. मी मैदानात ओरडतो आणि घरी आल्यावरही धुमसत राहतो. मागच्या सामन्यात माझ्या १३ वर्षांच्या मुलाने तिसऱ्या क्वार्टरलाच गळ्यातला निळा स्कार्फ काढून पिशवीत ठेवला आणि म्हणाला, ‘‘बाबा, पुढच्या वेळी मी घरीच बघतो.’’ मी काय करावे?

उत्तर : आपली तक्रार निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंचे १८-१८ खेळाडू आणि ऑफसाइडचा नियम नाही, अशा या खेळात चेंडू गमावल्यावर मागची फळी कशी सावरते हे बरेचसे प्रशिक्षकाच्या आखणीवर अवलंबून असते, आणि तीच चूक आठवड्यामागून आठवडे दिसत असेल तर जाब विचारावासा वाटणे स्वाभाविक आहे. शाहू स्टेडियमवर पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा कोरडा करणाऱ्यांच्या गावातून आपण आला आहात. आपल्याला गप्प बसायला सांगण्यात अर्थ नाही.

मात्र ‘प्रशिक्षक गेला की सारे सुरळीत होईल’ हा जो विश्वास आपल्या पत्रात ओळीओळीला जाणवतो, तो आपल्याच क्लबच्या इतिहासाशी ताडून पाहा. कार्ल्टनची १६ विजेतेपदे आहेत आणि शेवटचे १९९५ चे आहे. त्यानंतर नॉर्थ मेलबर्नला १९९६ आणि १९९९ मध्ये विजेतेपद मिळवून देणारे डेनिस पेगन आले आणि २००७ मध्ये त्यांना काढले गेले. वेस्ट कोस्टला दोनदा व कॉलिंगवूडला एकदा जिंकून देणारे मिक मॉल्टहाउस आले आणि २०१५ मध्ये, सर्वाधिक सामन्यांच्या प्रशिक्षकपदाचा विक्रम आपल्या नावे केल्यावर काही आठवड्यांतच, त्यांनाही जावे लागले. रॅटन, बोल्टन आणि टीग या प्रशिक्षकांचेही तेच झाले. अन्यत्र यशस्वी ठरलेली माणसे इथेच अपुरी का पडली, याचे एक उत्तर २००२ मध्ये सापडते. खेळाडूंच्या वेतनमर्यादेचा भंग केल्याबद्दल क्लबला त्या वर्षी नऊ लाख डॉलरहून अधिक दंड झाला आणि ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे तरुण खेळाडू क्लबांनी आळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीतल्या, पहिल्या निवडीही गेल्या. ज्या वयात खेळाडू घडतात त्या वयाची चांगली मुलेच हाती आली नाहीत, तर फळ्यावरची आखणी कितीही उत्तम असली तरी ती मैदानात उतरवणार कोण?

आणि २०२३ आपण विसरला नसाल. जूनच्या मध्यापर्यंत सलग सहा पराभव झाले होते, स्वतःच्याच पाठीराख्यांनी संघाची हुर्यो उडवली होती, प्रशिक्षकाला हटवा म्हणणारे पुष्कळ होते. तोच प्रशिक्षक, तेच खेळाडू पुढे सलग नऊ सामने जिंकले, सेमीफायनलमध्ये मेलबर्न क्लबला दोन गुणांनी हरवले आणि प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्याच्या आधीच्या फेरीपर्यंत, पोहोचले. याचा अर्थ आजचा प्रशिक्षक बरोबरच आहे असा मी लावत नाही. पण प्रेक्षागृहातून दिलेला निवाडा किती घाईचा ठरू शकतो, हे आपण स्वतः पाहिले आहे.

आता मुलाविषयी, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. त्याने स्कार्फ फेकून दिला नाही, नीट पिशवीत ठेवला. म्हणजे संघावरचे त्याचे प्रेम शाबूत आहे. तो दूर जातो आहे तो आपल्या आवाजापासून. त्याला जवळ बसवून, लांबण न लावता, ‘माझ्या ओरडण्याने तुझा सामना खराब झाला, ते माझे चुकले’ एवढे सांगा. ‘मी संघासाठीच ओरडतो’ हे पुढे जोडू नका. मुलांना ‘पण’नंतरचेच तेवढे ऐकू येते.

तो पुन्हा यायला तयार झाला, तर त्याच्याकडे एक काम सोपवा. टीव्हीवर चेंडूभोवतीचेच दिसते, मैदानात मात्र सगळी ओव्हल (लंबगोल मैदान) दिसते. आपला संघ चेंडू गमावेल त्या क्षणी हाफ-बॅकचे, म्हणजे मागच्या फळीतले, खेळाडू कुठे उभे होते, हे त्याने पाहायचे आणि क्वार्टर संपल्यावर आपल्याला सांगायचे. ते मुळातच फार पुढे उभे होते, की परत धावताना दमून मागे पडले, की ज्याला अडवायचे तोच सुटला, ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांपैकी पहिल्याचीच जबाबदारी प्रामुख्याने आखणीवर येते. तो बोलत असताना आपण ऐकायचे, दुरुस्त करायचे नाही. परतीच्या ट्रॅममध्ये प्रशिक्षकाचा विषय आपण होऊन काढायचा नाही.

रागाला वाट हवी, हेही मला मान्य आहे. आपण सभासद आहात. प्रशिक्षक नेमणाऱ्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत आपल्याला मत आहे. जे दिसले ते मुद्देसूद लिहून क्लबला पाठवा, वार्षिक सभेला जा, तिथे उभे राहून विचारा. तिथे आपल्या शब्दाला जे वजन आहे, ते पंचविसाव्या रांगेतून मारलेल्या आरोळीला नाही.

एवढे करूनही पुढच्या शनिवारी तो घरीच थांबतो म्हणाला, तर आपणही त्याच्याबरोबर घरी थांबा. त्या दिवशीची आपली जागा रिकामी राहिली तरी चालेल.