वाचकांचे प्रश्न : गट सर्वांचा, बोलणारा एकच

प्रश्न : मंडळीतील (चर्चमधील) एका गृहगटाची जबाबदारी सहा वर्षांपासून माझ्याकडे आहे. दर आठवड्याला आम्ही दहा-अकरा जण पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) अध्ययनासाठी जमतो. परंतु बोलतो मी आणि फार तर आणखी दोघे. ‘कोणाला काही सांगायचे आहे का?’ असे विचारले की सारे माना खाली घालतात. मध्यंतरी एका भगिनीकडे अध्ययन सोपवले असता तिने एका वचनाचा चुकीचा अर्थ सांगितला, तेव्हा मला मध्येच दुरुस्ती करावी लागली. त्यानंतर कोणीच पुढे येत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘मध्येच’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी उरलेल्या आठ-नऊ जणांनी एवढाच धडा घेतला असेल की येथे चुकले तर चारचौघांत थांबवले जाते. मूळ शिकवणीला धक्का लावणारी चूक असेल तर गप्प बसू नये, हे खरेच. पण बहुतेक चुका सभा संपल्यावर एकट्याने बोलून सुधारता येतात. शिवाय अध्ययनापूर्वी दोघांनी एकत्र बसून उताऱ्याची तयारी केली असती, तर ती चूक कदाचित तेथेच लक्षात आली असती.

पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करताना दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तू थकशील आणि हे लोकही थकतील. आपले लक्ष बहुधा मोशेच्या थकव्याकडे जाते. दिवसभर ताटकळणाऱ्या लोकांचा थकवा मात्र नजरेतून सुटतो. आपल्या गटातील शांतता मला त्याच जातीची वाटते. इथ्रोने सुचवलेला उपायही नेमका आहे : हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमावेत, लहान वाद त्यांनीच मिटवावेत आणि अवघड तेवढे मोशेकडे आणावेत.

तेव्हा एकदम अध्ययन सोपवू नका. प्रार्थनाविनंत्या लिहून ठेवणे आणि पुढच्या आठवड्यात त्यांची विचारपूस करणे, गीत निवडणे, नव्याने आलेल्याची ओळख करून देणे ही कामे ठरावीक व्यक्तींकडे दोन-तीन महिन्यांसाठी द्या. ती आपल्यापेक्षा कमी नीटनेटकी झाली तरी हातात परत घेऊ नका. (हे आपल्याला सर्वांत जड जाईल, असे पत्राच्या सुरावरून वाटते.) १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी सुमारे बारा जणांचे वर्ग पाडले, ते मुळात प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी. दर आठवड्याला एक पेनी गोळा करणारा पुढारी सामान्य सभासदच असे. घरोघरी जाता जाता तो लोकांच्या आत्मिक स्थितीचीही विचारपूस करू लागला आणि हिशेबाच्या कामातून पाळकीय सेवा उभी राहिली.

आता आपल्या प्रश्नाविषयी. ‘कोणाला काही सांगायचे आहे का?’ हा प्रश्न सर्वांना असतो, म्हणून तो कोणालाच नसतो. त्याऐवजी ‘या उताऱ्यातील कोणते वाक्य तुम्हाला खटकले?’ असे विचारा आणि मग थांबा. पाच-दहा सेकंदांची शांतता पुढाऱ्यालाच असह्य होते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की जमताना प्रत्येकाजवळ काही ना काही असते; आणि बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झाले, तर पहिल्याने उगे राहावे. या वचनातील ‘पहिला’ म्हणजे सध्या आपण आहात.

सुरुवात मात्र त्या भगिनीपासून करा. सर्वांसमोर टोकल्याबद्दल तिची क्षमा मागा आणि पुढच्या अध्ययनाची तयारी आपण दोघांनी मिळून करावी का, असे तिलाच विचारा.