कौतुक भरपूर, काम मात्र नाही

प्रिय माई, मी ३१ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. जी. डी. आर्ट केलंय. लग्नानंतर मुलांचे चित्रकलेचे क्लास घेत होते. गेल्या दिवाळीपासून भिंतींची सजावट सुरू केली: टेक्स्चर, स्टेन्सिल, हाताने काढलेली चित्रं. दोनच कामं झाली, दोन्ही नात्यातली. चुलत दिरांनी तर ‘घरचंच काम’ म्हणून रंगाचेही पैसे दिले नाहीत. इन्स्टाग्रामवर कौतुक होतं, पण विचारणा पुण्या-मुंबईची. सासूबाई म्हणतात, “परक्यांच्या घरी काम मागत फिरणार का?” मिस्टर पाठीशी आहेत, पण मलाच आता वाटतं की सोलापुरात या कामाला किंमत नाही. क्लास पुन्हा सुरू करू का?

बाळा,

क्लास जरूर सुरू कर. महिन्याला ठरलेले चार पैसे हातात आले की पडेल त्या भावात काम घ्यायची पाळी येत नाही. पण सोलापुरात किंमत नाही, हे मला मान्य नाही. होटगी रोडला, विजापूर रोडला जाऊन नवी घरं बघ. आयुष्यभर काटकसर करणारी माणसंही वास्तुशांतीच्या आधी हात सैल सोडतात. अडचण एवढीच, की त्या घरात तुझ्या आधी रंगारी पोचलेला असतो.

रंगाच्या दुकानात काय होतं ते डोळ्यांसमोर आण. घरची बाई शेडकार्ड उलटत असते, शेजारी रंगारी उभा. ती विचारते, “हॉलची एक भिंत जरा वेगळी करता येईल का?” तो म्हणतो, “कशाला वहिनी, धूळ बसते त्यात.” विषय तिथेच संपतो. त्याला ते काम येत नसतं, आणि दुसरं कुणी आलं तर आपलं काम जाईल ही धास्ती असते. तुझं गिऱ्हाईक त्या एका वाक्यात जातं, म्हणून आधी तो माणूस जोड.

सकाळी रंगारी माल न्यायला येतात, त्या वेळी तुझ्या भागातल्या दोन-तीन रंगाच्या दुकानांत जा. आधी मालकाला विचार, मग रंगाऱ्यांशी बोल. सरळ सांग, “दादा, पुट्टी, प्रायमर, बेस सगळं तुमचं, तुमच्या भावाने. मी फक्त एक भिंत करणार. मला फोन आला तर बाकीचं घर तुम्हाला देणार.” आणि ते खरंच दे. कमिशन मागितलं तर आकडा आधीच ठरव. पण माझ्या मते पैशापेक्षा उलट आलेलं काम माणसाला जास्त बांधून ठेवतं.

जाताना फोटो दाखवत बसू नकोस, नमुने ने. दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर पुट्टी-प्रायमर मारून चार प्रकार तयार कर. टेक्स्चर समोरून सपाट दिसतं. फळी दाराशी नेऊन उजेड बाजूने पडू दे, मग त्याचे चढउतार उठून दिसतात. बाईला त्यावरून हात फिरवू दे, ओल्या फडक्याने पुसून दाखव. धुळीच्या शंकेला याहून चांगलं उत्तर नाही. एक फळी दुकानातच ठेव, मागे नाव आणि नंबर लिहून.

दुसरं काम, लोक थांबतात तिथली एक भिंत मिळव. सोलापूरच्या दवाखान्यांत धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीपासून पेशंट येतात आणि तास-तासभर समोरच्या भिंतीकडे बघत बसतात. ओळखीच्या डेंटिस्टला विचार. चादरीच्या एखाद्या दुकानात जकार्डच्या वेलबुट्टीची भिंत सुचव. पहिली म्हणून मजुरी कमी घे, पण फुकट करू नकोस, आणि खालच्या कोपऱ्यात तुझं नाव राहील हे आधी ठरवून घे. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत जाशील तेव्हा तेलुगू येत असेल तर बिनधास्त बोल, घरातल्या आजीबाई लगेच चहा टाकतात.

एक गोष्ट मात्र जिवावर आली तरी कर: ओल्या भिंतीला नाही म्हण. मुहूर्त जवळ आला की मालक घाई करतात, आणि नवं प्लास्टर महिनाभरही वाळलेलं नसतं. त्यावर केलेलं काम फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि नाव तुझं जातं. तसंच आपल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असताना ग्लेझ, म्हणजे वरचा पातळ पारदर्शक रंग, हात फिरेपर्यंत सुकतं आणि सांधे दिसतात. असं काम सकाळी लवकर उरक किंवा पुढे ढकल.

सासूबाईंच्या बोलण्यात काळजी आहे, ती झटकू नकोस. नव्या घरी एकटी जाऊ नकोस, मदतनीस मुलगी सोबत ठेव, आणि मोजमाप घरातली मंडळी असताना घे. ठेकेदार मिस्टरांशी बोलायला लागला तर त्यांनी एवढंच म्हणावं, “भाव तीच सांगेल.”

भाव नुसता फुटावर लावू नकोस. १२ बाय १० ची भिंत १२० चौरस फूट भरते, पण बेस, नक्षी आणि वरचा कोट धरून तीन दिवस खाते. छोटी भिंतही जवळपास तेवढाच वेळ घेते. म्हणून कमीत कमी रक्कम ठरव, आणि निम्मे पैसे हातात आल्याशिवाय रंग आणू नकोस. दिवाळीच्या आधी रंगाऱ्यांना बोलायला फुरसत नसते, तेव्हा ही सगळी फेरी श्रावणातच मार.

राहिले चुलत दीर. झालेल्या मजुरीचं सोडून दे, पण रंगाच्या दुकानाची पावती त्यांना पाठव आणि लिही, “भाऊजी, मजुरी माझ्याकडून भेट. रंगाचे पैसे तेवढे पाठवा, पुढच्या कामाचा माल भरायचाय.”